कवीला न विचारता

ज्याला श्रद्धांजली वाहायची, त्याची जन्मतारीख ठाऊक आहे. मृत्यूची मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. जन्म १९ ऑक्टोबर १८१४, व्हिएन्ना. वडिलांच्या शाळेत नुकताच मदतनीस मास्तर म्हणून चिकटलेला फ्रान्त्स शुबर्ट तेव्हा सतरा वर्षांचा होता. गटेच्या ‘फाउस्ट’मध्ये ग्रेटखेन नावाची मुलगी चरख्याशी एकटी बसून म्हणते ते गीत त्यानं त्या दिवशी स्वरबद्ध केलं. जर्मन भाषेत ‘लीड’ म्हणतात तो गायनप्रकार त्या दिवशी जन्मला, असं संगीताचे इतिहासकार मानतात. अभ्यासक लगेच हरकत घेतील: त्याआधी राइखार्ट होता, त्सेल्टर होता, मोझार्ट आणि बेथोव्हेननंही गाणी केली होती. हरकत बरोबर आहे. पण हे गाणं एकदा ऐकल्यावर ती घेण्याचा उत्साह उरत नाही.

पियानोवादकाचा उजवा हात सुरुवातीपासून गरगर फिरत राहतो, तो चरखा. डाव्या हातात एक अडखळता ठेका आहे, ती पायाखालची पट्टी. या फिरतीवर मुलगी आपल्या प्रियकराबद्दल बोलते: त्याची चाल, त्याचं हसणं, डोळे, हाताचा स्पर्श. आवाज चढत जातो, आणि चुंबनाच्या शब्दाशी येताच पियानो थांबतो. चाक थांबलं. मुलगी विसरलीच, की आपण सूत कातत होतो. मग चाक पुन्हा सुरू होऊ पाहतं, अडखळतं, परत प्रयत्न करतं आणि हळूहळू लय पकडतं. गटेच्या ओळींमध्ये चाक थांबल्याचा उल्लेख कुठेही नाही. कवीनं फक्त मुलीला चरख्याशी बसवलं होतं. तिचा हात कुठल्या शब्दावर थबकेल, हे त्या पोरानं ठरवलं. शेवटी सुरुवातीच्या ओळी त्यानं पुन्हा आणल्या, त्याही मूळ गीतात तिथे नाहीत. कवीला न विचारता केलेली ही ढवळाढवळ पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं चालली, आणि तिच्यातून माणसानं केलेलं काही सर्वांत सुंदर संगीत आलं.

एक कविता, एक आवाज, एक पियानो, एवढाच या प्रकाराचा पसारा. मराठी वाचकाला पटकन भावगीत आठवेल, आणि ते चुकीचं नाही. पण भावगीतात वाद्यमेळ बहुधा गाण्याला धरून चालतो, मधल्या जागा भरतो. इथे पियानो दुसरं पात्र असतो. गाणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट त्याला ठाऊक असते. कधी तो गाणाऱ्याला खोटं पाडतो, तर कधी गाणारा थांबल्यावर बोलत राहतो. दुसरा फरक असा की लीडमध्ये कविता आधी, तीही छापून आलेली, आणि बहुधा अनोळखी माणसाची. चालीवर शब्द बसवण्याचा प्रश्नच नव्हता. शुबर्टनं सहाशेहून अधिक गाणी केली, शंभराहून अधिक कवींची. त्यांतले काही जवळचे मित्र होते. योहान मायरहोफर तर त्याच्याबरोबर एकाच खोलीत राहायचा. स्वातंत्र्याच्या कविता लिहिणारा हा गृहस्थ पोटासाठी मेटरनिखच्या सेन्सॉर खात्यात कारकुनी करायचा. त्याच्या चाळीसहून अधिक कवितांची गाणी झाली. पण मित्रांच्या कविता हा अपवाद. बाकी सगळं वाचनातून आलेलं. वाचलं, आवडलं, पियानोवर ठेवलं.

खुद्द गटेचं काय म्हणणं होतं? काहीच नाही. १८१६ मध्ये योझेफ फॉन श्पाउन या मित्रानं गटेच्या कवितांवरच्या शुबर्टच्या गाण्यांची वही, अतिशय नम्र पत्र जोडून, वाइमारला पाठवली. तिच्यात ग्रेटखेन होती, ‘एर्लक्योनिग’ही होतं. वही तशीच परत आली. १८२५ मध्ये शुबर्टनं गटेला अर्पण केलेली छापील गाणी पाठवली. म्हाताऱ्यानं रोजनिशीत पोच नोंदवली, उत्तर दिलं नाही. प्रकाशकांची तऱ्हा याहून मजेशीर. लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ कंपनीनं नापसंत केलेलं ‘एर्लक्योनिग’ ड्रेस्डेनच्या भलत्याच फ्रान्त्स शुबर्टला परत पाठवून दिलं, आणि असलं भिकार काम आपल्या नावावर कोण खपवतंय म्हणून तो गृहस्थ भडकला.

गटेला संगीत कळत नव्हतं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पुष्कळ लिहिणाऱ्यांनी तेच केलंय. मला ते पटत नाही. त्याला काय हवं होतं ते तो जाणून होता: सगळ्या कडव्यांना एकच साधी चाल, साथ मागे आणि शब्द पुढे. बर्लिनचा त्याचा मित्र त्सेल्टर हे इमानेइतबारे करायचा. शुबर्टनं ‘एर्लक्योनिग’मध्ये घोड्याच्या टापा सुरू केल्या की कविता ऐकणाऱ्याच्या हातातून निसटते, ती संगीतकाराच्या मालकीची होऊन जाते. गटेची तक्रार त्यानं कधी मोठ्यानं केली नसेल, पण ती रास्त होती. आज ‘एर्लक्योनिग’ हे नाव काढलं की जगभरच्या लोकांना आधी शुबर्ट आठवतो. १८३० मध्ये श्र्योडर-डेव्ह्रिएंट या नाटकी बाजाच्या मोठ्या गायिकेनं ते गटेसमोर गायलं, तेव्हा मात्र तो विरघळला आणि त्यानं तिची तोंडभर स्तुती केली. शुबर्टला जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं.

जाता जाता एक. कालिदासाच्या शाकुंतलावर गटे किती लुब्ध होता, हे आपल्याकडे शाळेतच सांगतात. त्याच शाकुंतलावर शुबर्टनं १८२० मध्ये ऑपेरा लिहायला घेतला होता. तो अर्धाच राहिला.

दुसरा कवी विल्हेल्म म्युलर. देसाऊ गावच्या शिंप्याचा मुलगा, तिथलाच ग्रंथपाल. हयातीत तो गाजला ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धावरच्या कवितांनी; त्या आज कुणी वाचत नाही. १८१६ मध्ये बर्लिनच्या एका दिवाणखान्यात काही तरुण मंडळी खेळ म्हणून गिरणीवाल्याच्या मुलीची गोष्ट काव्यात रचत होती. म्युलर या आडनावाचा अर्थच गिरणीवाला, त्यामुळे नाकारल्या गेलेल्या पोराची भूमिका आपसूकच त्याच्या वाट्याला आली. गिरणीवालीवर खेळात जीव टाकणारा म्युलर तिथल्याच लुइझे हेन्सेलवर खरोखर जीव टाकत होता आणि तिथेही त्याला नकारच मिळाला. या खेळातल्या कवितांतून शुबर्टची ‘सुंदर गिरणीवाली’ ही वीस गाण्यांची माळ १८२३ मध्ये झाली. म्युलरनं तरुणपणी रोजनिशीत एक गोष्ट लिहून ठेवली होती. तिचा आशय असा, की मला गाता येत नाही, वाजवताही येत नाही, पण माझ्या शब्दांमागे सूर आहेत. कधीतरी समान मनाचा कुणी भेटेल, तो ते ऐकेल आणि मला परत देईल. असा माणूस व्हिएन्नात राहत होता. दोघांची भेट झाली नाही, आणि म्युलरला हे कळल्याचा पुरावा नाही.

‘विंटररायझे’, म्हणजे हिवाळ्यातला प्रवास, ही म्युलरचीच चोवीस कवितांची मालिका. शुबर्टला आधी एका वार्षिकात त्यातल्या बाराच सापडल्या. तेवढंच काम आहे असं समजून १८२७ च्या फेब्रुवारीत त्यानं ती गाणी लिहायला घेतली. मग पूर्ण पुस्तक हाती आलं आणि उरलेल्या बारा कवितांवर तो ऑक्टोबरमध्ये बसला. म्युलर सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री झोपेत गेला होता, तेहतीस पुरी व्हायला एक आठवडा असताना. शुबर्टलाही आणखी तेरा महिनेच मिळायचे होते. त्यानं ही गाणी मित्रांना गाऊन दाखवली तेव्हा सगळे गप्प झाले. त्यांतला शोबर म्हणाला, मला त्यातलं ‘लिंबाचं झाड’ तेवढं आवडलं. आपला लिंब नव्हे, युरोपातला लिंडन. शुबर्टनं सांगितलं, की मला ही बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आवडतात आणि तुम्हालाही आवडतील. दुसऱ्या भागाची मुद्रितं तो शेवटच्या आजारात अंथरुणावर तपासत होता. १९ नोव्हेंबर १८२८ ला तो गेला. दुसरा भाग डिसेंबरच्या अखेरीस बाजारात आला.

या मालिकेतलं शेवटचं गाणं आपल्या कानांना अजिबात परकं वाटू नये. गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा असलेला म्हातारा हातानं फिरवायचं वाद्य वाजवतोय. कुणी ऐकत नाही, ताटली रिकामी आहे, कुत्री गुरगुरताहेत. पियानोचा डावा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त षड्ज आणि पंचम धरून ठेवतो. मधे कुठलाही स्वर नाही, बदल नाही. बेथोव्हेनच्या शहरात, स्वरसंवादांची एवढी श्रीमंती हाताशी असताना, शुबर्ट दोन स्वरांवर येऊन थांबला. वर उजव्या हातात वाद्याचा एक थकलेला तुकडा वाजतो, त्याच्या जागांमध्ये गाणारा चार शब्द टाकतो आणि शेवटी म्हाताऱ्याला विचारतो, की तुझ्याबरोबर येऊ का, माझ्या गाण्यांना साथ करशील का. गाणं तिथे संपतं. म्युलरची कविता एरवी मध्यम प्रतीची आहे. हे म्हणायला मी कचरत नाही, जर्मन समीक्षकही कचरत नाहीत. पण दोन स्वरांसाठी जागा ठेवणारी कविता लिहायलाही काही लागतंच, आणि ते गटेकडे नव्हतं.

म्युलर गेला तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. पोराचा धर्मपिता होता संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर, आणि ‘मॅक्स’ हे नाव वेबरच्याच ऑपेरातल्या नायकाचं. या मॅक्सला लहानपणी संगीतातच आयुष्य काढायचं होतं. ते झालं नाही. तो संस्कृतकडे वळला, ऑक्सफर्डला गेला आणि १८४९ ते १८७४ या काळात त्यानं सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला. आपण ज्यांना मॅक्समुल्लर म्हणतो, ते हेच. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या विनंती अर्जामागे हे उभे राहिले. तुरुंगात टिळकांच्या हाती ऋग्वेदाची जी प्रत आली तीही त्यांनीच पाठवलेली, आणि ‘आर्क्टिक होम’च्या प्रस्तावनेत टिळकांनी त्याबद्दल कृतज्ञता लिहून ठेवली आहे. मुंबईला काळा घोड्याजवळ आणि पुण्यात जर्मन शिकायला जाणारी मुलं ज्या संस्थेत जातात, तिच्या पाटीवर दोन नावं असतात: गटे आणि मॅक्स म्युलर. शुबर्टला उत्तर न देणारा कवी, आणि ज्याला शुबर्टचं उत्तर कळलंच नाही त्या कवीचा मुलगा. पाटी लावणाऱ्यांच्या हे डोक्यात असेल असं वाटत नाही.

पुढची मोठी जोडी कवी हाइने आणि संगीतकार शुमान. १८४० हे शुमानचं गाण्यांचं वर्ष. तोवर तो बहुतेक पियानोसाठीच लिहायचा. क्लारा वीकशी लग्न करायला तिच्या बापाचा कडवा विरोध होता, प्रकरण कोर्टात गेलं होतं, आणि या माणसानं वर्षभरात सव्वाशेच्या वर गाणी लिहिली. १२ सप्टेंबरला, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लग्न लागलं. त्याआधी मे महिन्याच्या अखेरीस आठवडाभरात ‘डिख्टरलीबं’ झालं, हाइनेच्या कवितांवरचं. तोही पायंड्याला धरूनच: आपली आधीची हाइने-गाणी शुमाननं पॅरिसला हाइनेकडे पाठवली आणि वाट पाहिली. उत्तर नाही.

हाइनेची कविता गोड बोलत बोलत शेवटच्या ओळीत चिमटा काढते. शुमानला तो चिमटा कळला नाही, तो फारच भाबडा होता, असा आरोप जुना आहे. मालिकेच्या शेवटाकडे पाहा. कवी म्हणतो, की एक अवाढव्य शवपेटी आणा, माझी सगळी जुनी गाणी, प्रेम आणि दुःख तिच्यात भरा आणि समुद्रात बुडवा. शुमान हे हाइनेच्याच कडवट ऐटीत गाऊन घेतो. आवाज थांबतो. आणि मग पियानो एकटाच, संथ, बाराव्या गाण्याच्या अखेरीची धून पुन्हा काढतो आणि तिला पुढे नेतो. बाराव्या गाण्यात काय होतं? सकाळच्या बागेत फुलं त्या खिन्न माणसाकडे पाहून सांगतात, की आमच्या बहिणीवर रागावू नकोस. म्हणजे कवीनं पेटी बुडवली आणि संगीतकारानं माफीची आठवण काढली. कवीचं म्हणणं नीट समजून घेऊन, त्याला पूर्ण बोलू देऊन, मग केलेला हा मतभेद आहे. यात भाबडेपणा मला तरी दिसत नाही.

दोघांनाही १८५६ नं नेलं. हाइने फेब्रुवारीत, पॅरिसमध्ये, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून. शुमान जुलैत, बॉनजवळच्या मनोरुग्णालयात.

एका बाईचं नाव इथे घेतलंच पाहिजे. फेलिक्स मेंडेल्सझोनची थोरली बहीण फान्नी. घरच्यांना मुलीनं नाव छापणं पसंत नव्हतं, म्हणून तिची सहा गाणी भावाच्या नावावर, भावाच्या संग्रहांत छापली गेली. १८४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियानं फेलिक्सला त्याचं म्हणून आपलं आवडतं गाणं गाऊन दाखवलं, आणि त्याला कबूल करावं लागलं की ते बहिणीचं आहे. फान्नीचा नवरा विल्हेल्म हेन्सेल हा म्युलरला नकार देणाऱ्या लुइझेचा भाऊ. तोही त्या गिरणीच्या खेळात होता.

रोमँटिक कवितेनं संगीतकारांना इतरत्रही झपाटलं होतंच. बायरनवरून बर्लिओझनं ‘हॅरोल्ड’ लिहिलं, चायकॉव्हस्कीनं ‘मॅनफ्रेड’. पण वाद्यवृंदात कविता ही निमित्त असते, तिचा एकही शब्द कुणाला उच्चारावा लागत नाही. शब्दाला जबाबदार राहण्याची शिक्षा फक्त लीडला. ती सर्वांत निष्ठेनं भोगली ह्यूगो वोल्फनं. १८८८ या एका वर्षात त्यानं एदुआर्द म्योरिके या खेड्यातल्या पाद्र्याच्या त्रेपन्न कवितांची गाणी केली. संग्रहाच्या शीर्षकात ‘कविता’ हा शब्द आणि कवीचं नाव पुढे, गायन आणि पियानो मागून. मित्रांपुढे गाणं वाजवायच्या आधी तो कविता मोठ्यानं वाचायचा. त्सेल्टर आणि गटे यांना हवा होता तो आदर शेवटी असा मिळाला, तोही अशा माणसाकडून ज्याची साथ शब्दांना क्षणभर स्वस्थ बसू देत नाही. म्योरिके तोवर जाऊन तेरा वर्षं झाली होती. वोल्फही १९०३ मध्ये व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात गेला.

हे सगळं ज्या जागी चालायचं ती जागा आता नाही. लीड सभागृहासाठी नव्हतंच. ते मध्यमवर्गीय घरातल्या दिवाणखान्यातलं, जेवणं झाल्यावरचं. पियानोवर घरातली मुलगी, गाणारा भाऊ किंवा शेजारचा वकील, ऐकायला आठ-दहा माणसं. सगळे थोडंफार वाजवणारे, सगळ्यांना कविता पाठ. गाणं खालच्या किंवा वरच्या पट्टीत हवं तर तशीही वही मिळायची. १८६७ पासून लाइपझिगच्या पेटर्स प्रकाशनानं हिरव्या वेष्टनातली स्वस्त पुस्तकं काढली आणि शुबर्ट, शुमान घरोघर पोचले. पियानो जवळ नसलेल्या माझ्यासारख्याच्या हातीही ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात कधी लागतात. कडा कुरतडलेल्या असतात, आणि श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा कुणीतरी पेन्सिलीनं केलेल्या असतात.

लीड कशानं गेलं? ग्रामोफोन आणि रेडिओनं घरातलं गाणं थांबवलं हे खरं. नवी कविता छंद सोडून निघाली, आणि शोनबर्गनं १९०८-०९ मध्ये श्टेफान गेओर्गच्या कवितांसाठी जुनी स्वरव्यवस्थाच सोडली, हेही खरं. पण एवढ्यानं एखादा प्रकार म्हातारा होतो. मरायला काहीतरी करावं लागतं. ते १९३३ नंतर केलं गेलं. हाइने ज्यू होता, मेंडेल्सझोन कुटुंब मूळचं ज्यू होतं. बर्लिनच्या आणि व्हिएन्नाच्या ज्या दिवाणखान्यांमध्ये ही गाणी रोज गायली जायची त्यांतले कितीतरी ज्यू घरांतले होते. ती घरं रिकामी केली गेली. हिरव्या वह्या काढणाऱ्या पेटर्सचे मालक हेन्री हिनरिक्सन यांच्याकडून कंपनी हिसकावून घेतली आणि १९४२ मध्ये त्यांना आउशविट्झला ठार मारलं.

आणि तेव्हाच, १९४३ च्या जानेवारीत, बर्लिनच्या त्सेलेनडोर्फ भागातल्या नगरभवनात एक सतरा वर्षांचा मुलगा ‘विंटररायझे’ गात होता. मधेच भोंगा वाजला. विमानं आली, गाणारा आणि ऐकणारे सगळे तळघरात गेले. बॉम्बफेक थांबल्यावर वर येऊन त्यानं उरलेली गाणी पुरी केली. तो डिट्रिख फिशर-डिस्काउ. पुढे त्यानं ही मालिका इतक्यांदा ध्वनिमुद्रित केली की आवडीची निवडण्यावरून लोक भांडतात. १८ मे २०१२ ला तो गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी एका युगाचा अंत वगैरे लिहिलं. मला वाटतं, ते युग त्याच्या जन्माच्या आधीच निम्मं संपलं होतं. त्यानं नव्यानं काही जन्माला घातलं नाही. जे होतं ते इतकं नीट ठेवलं, की आज लंडनच्या विगमोर हॉलमध्ये किंवा ऑस्ट्रियातल्या शुबर्टच्या महोत्सवात जाणाऱ्याला काही संपलंय हे जाणवतही नाही. गाणी शाबूत आहेत. संपला तो व्यवहार: आज आलेलं कवितेचं पुस्तक उद्या पियानोवर ठेवायचं आणि कवीशी स्वरांत बोलायचं.

मृत्यूची तारीख द्यायचीच असेल तर बहुतेक जण १९४८ देतात. रिचर्ड स्ट्राउस त्या वर्षी चौऱ्याऐंशीचा झाला. ज्या ऑपेरागृहांत हयात काढली ती बेचिराख झाली होती. सत्तेवर आलेल्या नाझींच्या संगीत मंडळाचं अध्यक्षपद १९३३ मध्ये त्यानं स्वीकारलं होतं, आणि त्याचा हिशेब युद्धानंतर त्याला द्यावा लागला. तो हिशेब गाण्यांनी फिटत नाही, एवढं नोंदवून पुढे जातो. स्वित्झर्लंडमध्ये असताना त्याला आयखेनडॉर्फची एक कविता भेटली, शंभर वर्षांपूर्वीच्या रोमँटिक कवीची. म्हातारं जोडपं सांजवेळी एका उंचवट्यावर येऊन थांबलंय, आयुष्यभर हातात हात घालून चालून आता थकलंय, दोन चंडोल वर उडताहेत. स्ट्राउस आणि पाउलिनेच्या लग्नाला तेव्हा चौपन्न वर्षं होत आली होती. ती गायिका, त्यानं तिच्यासाठी कितीतरी गाणी लिहिलेली. ६ मे १९४८ ला त्यानं ते गाणं पुरं केलं. शेवटची ओळ प्रश्न विचारते, की हाच का मृत्यू. आणि पाठोपाठ वाद्यवृंद त्याच्याच पंचविशीतल्या ‘मृत्यू आणि रूपांतर’मधली धून काढतो. त्या उन्हाळ्यात हेसेच्या तीन कवितांची गाणी झाली आणि चारींना मिळून ‘चार शेवटची गाणी’ हे नाव पडलं. नाव प्रकाशकानं दिलेलं, स्ट्राउसनं नाही.

ती तो ऐकू शकला नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये तो गेला. १३ मे १९५० ला पाउलिने गेली. २२ मे १९५० ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये कर्स्टन फ्लागस्टाटनं ती पहिल्यांदा गायली, फुर्टव्हेंगलर यांच्या संचालनाखाली. त्या मैफलीचा खर्च अंगावर घेतला होता म्हैसूरच्या महाराजांनी. जयचामराजेंद्र वडियार, स्वतः कर्नाटक संगीतात कृती रचणारे, आणि युरोपीय संगीताचे दर्दी. अट एवढीच, की कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून तबकड्या म्हैसूरला पाठवाव्यात. जर्मन लीडच्या अंत्यविधीला खांदा द्यायला म्हैसूरचा माणूस असावा, हे मला फार आवडतं. गटेलाही आवडलं असतं, निदान शाकुंतलाच्या नात्यानं.

पण १९४८ च्या तारखेतही एक गडबड आहे. चार गाण्यांमागे भला मोठा वाद्यवृंद आहे. दिवाणखान्यातला पियानो त्यात नाही. स्ट्राउसनं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आणखी एक गाणं लिहिलं होतं, ‘माल्वेन’ म्हणजे एक बागेतलं साधं फूल. कविता बेटी क्नोबेल या फारशा प्रसिद्ध नसलेल्या स्विस कवयित्रीची. साथीला फक्त पियानो. हस्तलिखित त्यानं मारिया येरित्सा या जुन्या गायिकेला भेट दिलं. तिनं ते कुणाला दाखवलं नाही, गायला दिलं नाही, छापू दिलं नाही. ती १९८२ मध्ये वारली, कागद लिलावात निघाले, आणि १९८५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला किरी ते कानावानं ते गायलं.